डावखुऱ्यांच्या घराची नियमावली

२ मार्च, सोमवार

आज माझी बिनविरोध निवड झाली. बिनविरोध म्हणजे दुसरं कुणी तयारच नव्हतं, पण निवड ती निवडच. निवृत्त होऊन दोन वर्षं चार महिने झाले, आणि इतक्या दिवसांनी मला कुणीतरी नियम तयार करायला सांगितलं. हिला बातमी दिली तर म्हणाली, "बरं झालं. घरातले तरी थोडे कमी होतील."

झालं ते असं. 'डावखुऱ्यांचं घर' हा आमचा फोनवरचा समूह. सभासद चार हजार तीनशे. सुरू केला कात्रीताईने. तिचं केस कापायचं दुकान आहे. डाव्या हाताची कात्री मिळता मिळेना म्हणून तिने वैतागून फोनवर तक्रार टाकली, आणि दोनशे जणांनी 'माझंही तेच' म्हणून उत्तर दिलं. लिहिताना शाई फासू नये म्हणून काय करावं, डबा उघडायचं यंत्र कोणतं घ्यावं, जेवायला कुठल्या टोकाला बसावं, असलं सगळं तिथं चालतं. त्यात सगळ्यांचा लाडका होता घड्याळवाला. हा घड्याळं दुरुस्त करतो. लहानपणी डाव्या हाताने जेवला म्हणून त्याला कोपऱ्यात उभं केलं होतं, ही हकिगत त्याने लिहिली तेव्हा मी स्वतः डोळे पुसले होते.

परवा त्याने खोली रंगवतानाचा फोटो टाकला. ब्रश उजव्या हातात! म्हणे फोटो उलटा आलाय, आरशात दिसतो तसा. पण मागच्या डब्यावरचं रंगाचं नाव सरळ वाचता येत होतं. ते सगळ्यात आधी माझ्या नजरेस पडलं. एकतीस वर्षं परीक्षा मंडळाच्या पडताळणी विभागात खोट्या गुणपत्रिका पकडल्यात, रंगाचा डबा काय चीज आहे! शेवटी त्याने कबूल केलं, "मी उजवाच आहे. तुमच्यात करमतं म्हणून राहिलो." त्याला काढलं. घर पार ढवळून निघालं.

तेव्हा ठरलं, यापुढे ओळख पटल्याशिवाय कुणालाही आत घ्यायचं नाही. ओळख कशी पटवायची ते मी ठरवणार. कात्रीताई आणि दातांचे डॉक्टर मदतीला. पाच एप्रिलला आपला वार्षिक मेळावा, त्याआधी यादी पक्की व्हायला हवी.

हा तर माझ्या डाव्या हातचा मळ.

३ मार्च, मंगळवार

मसुदा तयार. नियम सतरा. थोडक्यात लिहून ठेवतो.

अर्जदाराने चित्रफीत पाठवावी. चेहरा दाखवू नये, फक्त हात दिसावेत (लोकांना संकोच नको, हा माझा विचार). पाच कामं करावीत: कागदाचा गोल कापणे, सुईत दोरा ओवणे, बटाटा सोलणे, बाटलीचं घट्ट झाकण उघडणे आणि आपलं नाव दहा वेळा लिहिणे. प्रत्येकी दहा गुण, पस्तीसला उत्तीर्ण. आणि माझा हुकमी एक्का, नियम चार: त्या दिवसाचं वर्तमानपत्र हातांशेजारी ठेवावं. मथळा सरळ वाचता आला तर चित्र सरळ. उलटा आला तर आरशाचा खेळ, अर्ज बाद. घड्याळवाल्याला त्या दिवशी हा नियम आडवा आला असता तर वर्षभराचं रडणं वाचलं असतं.

नियम नऊही मीच घातला. अर्जदार नात्यातला असेल तर तपासणाऱ्याने निर्णय देऊ नये.

कात्रीताई फोनवर हसली. "काका, कुणाची बायको येणार आहे आता?"

"माझी तर नाही. ती पक्की उजवी."

ही समोरच वाटाणे सोलत बसली होती. तिला म्हटलं, "काय गं, उजवी ना तू?"

"तुम्ही म्हणता म्हणजे असणारच," ही म्हणाली.

५ मार्च, गुरुवार

डॉक्टरांनी नवीन चाचणी सुचवली. अर्जदाराकडे कुणीतरी न सांगता एखादी वस्तू फेकायची. माणूस विचार न करता ज्या हाताने झेलतो तो त्याचा खरा हात. ऐकायला झकास. पण पडताळणी केल्याशिवाय नियम करायचा नाही, हा माझा खाक्या.

म्हणून आज सकाळी घरीच प्रयोग केला. ही ओट्याशी खिडकीकडे तोंड करून उभी होती, दोन्ही हात मोकळे. मी फ्रिजजवळून "अगं, झेल!" म्हणून लिंबू फेकलं. ही गर्रकन वळली आणि झेललं, डाव्या हाताने, एका झटक्यात.

मी तीन वेळा फेकलं. तिन्ही वेळा डाव्याच हाताने. मग ही म्हणाली, "पुरे आता, सरबत करायचंय की क्रिकेट खेळायचंय?"

निष्कर्ष: पक्का उजवा माणूसही डाव्या हाताने झेलू शकतो. सबब ही चाचणी कुचकामी आहे. डॉक्टरांना तसं सविस्तर कळवलं. प्रयोगाची तारीख आणि वेळही दिली. त्यांना ते पटलं. नियम रद्द.

८ मार्च, रविवार

पहिल्या चार दिवसांत एकसष्ट अर्ज. एक सुतार आहे, त्याने पाच कामं संपवून वर रंधाही असा चालवला की मी गुण द्यायचं विसरून बघतच बसलो. एका बाईने कडेवरच्या बाळासकट सगळी कामं केली. घरबसल्या एवढी माणसं बघायला मिळतील असं वाटलं नव्हतं. हाताहातांत किती फरक असतो! मन प्रसन्न झालं.

सकाळी वर्तमानपत्र जागेवर नव्हतं. शब्दकोडं अर्धं सोडवून चहाला उठलो, तेवढ्यात गायब. हिला विचारलं तर म्हणाली, भाजी निवडायला घेतलं होतं. मग निवडलेली भाजी कुठंय, विचारलं. तर म्हणे, निवडून झाली.

अर्ज क्रमांक एकसष्ट बाद केला. मथळा उलटा, म्हणजे आरशाचं चित्र. पुढे बघितलंसुद्धा नाही. टोपणनाव 'उशिरा आलेली'. असली टोपणनावं घेणाऱ्यांचं काही खरं नसतं.

११ मार्च, बुधवार

लेकीचा फोन. ती दुसऱ्या गावी असते, फोनची सगळी गुंतागुंत ती आम्हाला तिथून शिकवते. हल्ली हिलाच जास्त शिकवते असं दिसतं. दोघी आतल्या खोलीत अर्धा अर्धा तास खुसुखुसू बोलतात.

मग फोन माझ्याकडे आला. "बाबा, मागचा कॅमेरा लावला तर चित्र सरळ येतं ना?"

"येतं. का गं?"

"असंच. आणि नापास झालेल्याला परत अर्ज करता येतो?"

"नियम बारा. तीनदा."

"बाबा, तुम्ही ग्रेट आहात," असं म्हणून ती एवढी हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला. पोरीला माझ्या कामात रस वाटतोय, यापरतं सुख काय असतं!

१४ मार्च, शनिवार

'उशिरा आलेली'चा दुसरा अर्ज. या वेळी मथळा सरळ. सगळं नीट पाहिलं.

बटाटा सोलणे: नऊ. साल एकाच लांब पट्टीत निघाली, सराईत हात. सुई: सात. झाकण: सात. गोल कापणे: पाच, गोल जरा बटाट्यासारखा झाला. नाव लिहिणे: दोन. अक्षर बालवाडीतल्या मुलासारखं, रेघ सोडून वर चाललेलं. एकूण तीस. नापास.

डावखुरं माणूस डाव्या हाताने इतकं वाईट लिहील कसं? हाच प्रश्न कात्रीताईला विचारला. ती म्हणाली, "काका, लहानपणी हात बदलायला लावला असेल तर?"

"मग त्या आता उजव्या झाल्या. कागदोपत्री उजव्या."

"हाताला कुठले आलेत कागद?"

ताईचा स्वभाव हळवा आहे. दुकान चालवायला ठीक, पडताळणीला नाही. अर्जदाराला कळवलं: 'आपण डावखुऱ्या असल्याचे सिद्ध होत नाही. लेखनाचा सराव वाढवावा.' शेवटचं वाक्य माझ्या पदरचं. मला वाटतं ते सौजन्यपूर्ण झालं.

संध्याकाळी ही गप्प होती. बरं नाही का, विचारलं. म्हणाली, "मी काय लहान आहे का सराव करायला?" कशाचा सराव, ते बोलली नाही. मी खोदून विचारलं नाही. अडतीस वर्षांच्या संसारात एवढं तर शिकलोय.

१९ मार्च, गुरुवार

एक गंमत नोंदवून ठेवतो. आमच्या टेबलाशी मी कायम हिच्या डावीकडे बसतो. उजवीकडे बसलो की माझं डावं कोपर हिच्या उजव्या कोपराला लागतं आणि सूप सांडतं. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात दोन वाट्या फुटल्या, तेव्हापासून जागा ठरलेल्या. आज माझ्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे होते म्हणून हिच्या उजवीकडे बसलो. सगळं जेवण झालं, एकदाही कोपर लागलं नाही.

इतक्या वर्षांनी जमलं एकदाचं. सवयीने काय होत नाही!

मात्र हिने भात बराच सांडला. डोळे तपासून घ्यायला हवेत.

२२ मार्च, रविवार

अर्ज एकशे चौऱ्याण्णव, त्यातले एकशे सत्तर पास. मेळाव्याची तयारी जोरात. मंगल कार्यालयासारखं भपकेबाज काही नाही, एका शाळेचं सभागृह मिळालंय. नेहमीप्रमाणे मधोमध एकच लांबलचक टेबल. सगळे डावखुरे एका ओळीत जेवायला बसतात आणि कुणाचं कोपर कुणाला लागत नाही. वर्षातून एकदाच तसं जेवतो मी. अंग चोरायला लागत नाही.

परत आलो की दरवर्षी हिला सगळं सांगतो. टेबल कसं होतं, कोण कुठं बसलं, काय काय झालं. ही सगळं ऐकून घेते, मग म्हणते, "मी आले असते." मी म्हणतो, "उजव्यांना प्रवेश नाही गं, नियम आहे." दरवर्षी हेच. आज मात्र मी टेबलाबद्दल सांगायला लागलो तर ही मध्येच म्हणाली, "यंदा सांगू नका."

"का?"

"यंदा नको. बस्स."

रागावली असं वाटलं नाही. उलट गाल हसरे होते. कळत नाही.

आणि हो, कचऱ्याच्या डब्यात कागदाचे गोल सापडले. पंचवीस-तीस तरी असतील. शेवटचे अगदी गरगरीत. लेकीच्या पोरासाठी काहीतरी करत असेल.

२७ मार्च, शुक्रवार

'उशिरा आलेली'चा तिसरा अर्ज. या वेळी चित्रफीत नाही, पत्र पाठवलंय. नियम तेरा: तिसऱ्या खेपेस लेखी म्हणणे मांडता येईल. (तो नियम केला तेव्हा वाटलं नव्हतं की कुणी वापरेल.) पत्र जसंच्या तसं उतरवून ठेवतो.

'माझ्या पहिल्या शाळेत बाईंनी माझा डावा हात बाकाला बांधला. बाई वाईट नव्हत्या. रिबीन माझ्याच वेणीची होती, निळी. गाठही सैल होती, ओढली असती तर सुटली असती. पण मी ओढली नाही, कारण शहाणी मुलगी म्हणून घ्यायचं होतं. वर्ष संपायच्या आत उजव्या हाताने लिहायला लागले, मला खोडरबर बक्षीस मिळालं. मग सगळे विसरले. मीही विसरले. माझी मुलगी झाली, तिला पहिल्यांदा भरवायला घेतलं तेव्हा चमचा आपोआप डाव्या हातात आला. खोलीत कुणी नव्हतं, म्हणून राहू दिला. एवढंच माझं डावखुरेपण. घरात कुणी नसताना. माझे यजमान डावखुरे आहेत. त्यांच्या आईने त्यांना कधी अडवलं नाही. ते लिहायला बसले की मी अजून बघत राहते. आता माझं वय बासष्ट. मला वाटलं, एकदा विचारून तर बघावं.'

दोनदा वाचलं. चष्मा पुसला. खोटी कागदपत्रं कशी लिहितात ते मला ठाऊक आहे. हे तसं नव्हतं.

एका गोष्टीचं मात्र नवल वाटलं. नवरा स्वतः डावखुरा, एका घरात राहतो, आणि इतक्या वर्षांत त्याच्या लक्षात येऊ नये? काही माणसं खरंच डोळे असून आंधळी असतात.

हिला वाचून दाखवलं. ही खिडकीतून बाहेर बघत होती.

"मग? काय ठरवलंत?"

"अगं, मन म्हणतं घ्यावं. पण नियमात बसत नाही. नुसत्या पत्रावर घेतलं तर उद्या घड्याळवालासुद्धा पत्र लिहील, आणि तो याहून छान लिहितो."

"हं," ही म्हणाली. मग थोड्या वेळाने, "त्या बाईंना प्रत्यक्ष बघा की एकदा. फोनवर. हात तर हात."

ही कधी कधी फार व्यवहारी बोलते. गुरुवारी सकाळी दहाला थेट तपासणी ठेवली.

२ एप्रिल, गुरुवार

घाईत लिहितोय. अक्षराला माफी असावी. कुणाकडे मागतोय कोण जाणे, वही माझीच आहे.

सकाळी अर्धं शब्दकोडं सोडवून उठल्यापासून वर्तमानपत्र सापडत नव्हतं. कोड्यात आडवे अकरा चुकलंय असं मनात खात होतं, ते खोडायचं होतं. पावणेदहाला ही म्हणाली, "मला आत काम आहे. अर्धा तास हाक मारू नका." आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. मी बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसलो, गुणपत्रिका काढली, बरोबर दहाला फोन लावला.

पडद्यावर दोन हात आले. अर्जदाराने आवाज बंद ठेवला होता. नियमात बोलायची सक्ती नाही, म्हणून मी हरकत घेतली नाही. शेजारी वर्तमानपत्र. मथळा सरळ, तारीख आजची. ठीक. मी म्हणालो, "बटाटा घ्यावा."

बटाटा घेतला. सोलायला सुरुवात झाली, डाव्या हाताने, लांब पट्टीत. आणि मला खर्र खर्र आवाज ऐकू आला. फोनमधून नाही. भिंतीपलीकडून.

मी फोन डोळ्यांजवळ धरला. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात शब्दकोडं होतं, अर्धं सोडवलेलं, मागे झुकलेल्या अक्षरात. आडवे अकरा चुकलेलं. त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग. माझ्या कपाचा.

मग हात पाहिले. करंगळीजवळचा इस्त्रीचा जुना चट्टा. उजवा हात मी डोळे मिटूनही ओळखला असता. डावा मात्र आज पहिल्यांदाच काहीतरी करताना बघत होतो. बटाटा सोलून झाला, तरी पुढचं काम सांगायचं माझं राहूनच गेलं. हातांनी वाट पाहिली. मग सुई उचलली, आणि न सांगताच दोरा ओवला. पहिल्याच फटक्यात. मला रडू आलं. खरंच आलं. गुणपत्रिकेवर थेंब पडला.

शेवटी कसाबसा म्हणालो, "मला या अर्जावर निर्णय देता येत नाही. नियम नऊ."

पडद्यावरचे हात थांबले. स्वयंपाकघरातून आवाज आला, "आलं वाटतं लक्षात!"

दार उघडून आत गेलो. टेबलावर फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला, शेजारी बटाटे, सुई, कात्री. ही हसत होती आणि डोळे पुसत होती, दोन्ही एकदम. मी म्हटलं, "अगं, मला सांगायचं ना! एका शब्दाचं काम होतं."

"म्हणूनच नाही सांगितलं. तुमच्या वशिल्याने नको होतं मला. अडतीस वर्षं सगळीकडे तुमची बायको म्हणून गेले. इथं आपल्या हाताने जायचं होतं."

"आणि मी तुला नापास केलं."

"दोनदा. वर सराव वाढवावा म्हणून लिहिलंत." हे बोलताना ही इतकी हसली की खुर्ची धरावी लागली. मलाही हसू आवरेना. त्यात लेकीचा फोन आला, "झालं का? झालं का?" म्हणून. तिला सगळं पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणजे घरात अडाणी काय तो मीच!

पण हसू ओसरल्यावर ही हळूच म्हणाली, "परवा यादी बंद होते ना? आता तीन अर्जही संपले. राहिलंच म्हणायचं मग."

तिचं म्हणणं खरं होतं. आणि त्या यादीला कुलूप घालणारा मीच होतो.

३ एप्रिल, शुक्रवार

रात्रभर विचार केला असं लिहिणार होतो, पण खरं सांगायचं तर छान झोप लागली आणि दात घासताना सुचलं. मला निर्णय देता येत नाही. साक्ष तर देता येते!

ही वही काढली आणि पहिल्यापासून वाचली. वाचता वाचता कपाळावर हात मारून घेतला. सगळं माझ्याच अक्षरात होतं. पाच मार्च: लिंबू, डावा हात, तीन वेळा. एकोणीस मार्च: कोपर लागलं नाही, कारण हिचा चमचा डाव्या हातात होता! मी ते डोळ्यांनी पाहून, व्यवस्थित नोंदवून, वर डोळे तपासायची शिफारस केली होती. खोट्या गुणपत्रिका पकडणाऱ्या माणसाने एकतीस वर्षं काय पाहिलं असेल देव जाणे.

हिची परवानगी घेऊन दोन्ही नोंदी कात्रीताईला आणि डॉक्टरांना पाठवल्या. मग तिघांची फोनवर बैठक.

डॉक्टरांनी शंका काढली, "नवऱ्याची साक्ष धरायची का?"

मी म्हणालो, "डॉक्टर, तारखा बघा. तेव्हा मी तिच्या विरुद्ध होतो. तिच्या लिंबाच्या जोरावर तर मी तुमची चाचणी मोडीत काढली."

डॉक्टरांनी तारखा पडताळल्या. मग म्हणाले, "म्हणजे माझी चाचणी बरोबर होती."

"शंभर टक्के. चुकला तो तपासणारा."

तिकडे कात्रीताईला हसताना ठसका लागला. तिच्या दुकानात कुणीतरी केस कापून घ्यायला बसलं होतं, त्याने जीव मुठीत धरला असणार. ठसका थांबल्यावर म्हणाली, "काका, अर्जदार क्रमांक एकसष्ट, मंजूर. आणि त्या सतरा नियमांचं काय करायचं?"

ते मी रात्रीच, म्हणजे दात घासतानाच, ठरवलं होतं. सतराच्या जागी एक नियम, डॉक्टरांचाच. मेळाव्याच्या दारात टोपलीभर लिंबं ठेवायची. जो येईल त्याच्याकडे न सांगता एक फेकायचं. झेललं तर आत. सुटलं तर लिंबू उचलून आत.

"आणि उजव्या हाताने झेललं तर?" डॉक्टरांनी विचारलं.

मला रिबिनीची सैल गाठ आठवली. "तर पुढच्या वर्षी परत फेकू," मी म्हणालो. "तोवर आत बसू दे."

ठराव एकमताने मंजूर.

हिला मंजुरीचं पत्र दिलं. कार्यालयीन मराठीत, जावक क्रमांकासकट. तिने ते डाव्या हातात घेतलं, दोनदा वाचलं आणि पिठाच्या डब्याखाली जपून ठेवलं. आमच्या घरात महत्त्वाची कागदपत्रं तिथंच असतात.

५ एप्रिल, रविवार

असा दिवस मी आयुष्यात पाहिला नाही.

दारात मी, एका हातात यादी, शेजारी लिंबांची टोपली. फेकायचं काम कात्रीताईचं. सुतार आला, बाळवाली बाई आली (बाळानेही झेलायचा प्रयत्न केला), कोण कुठून आलेले. लिंबू लागून एकाचा चष्मा पडला, तो चष्मा दुसऱ्याने डाव्या हाताने झेलला, टाळ्या पडल्या. साडेअकराच्या सुमारास फाटकाशी एक उंच माणूस घुटमळताना दिसला. घड्याळवाला! कुणी काही बोलायच्या आत ताईने फेकलं. त्याने उजव्या हाताने झेललं आणि हात तसाच वर धरून उभा राहिला, चोर पकडल्यासारखा.

"माझी ती कोपऱ्यात उभं राहायची गोष्ट," तो म्हणाला, "माझ्या भावाची होती. तो आता नाही."

मी यादीत त्याचं नाव लिहिलं. टेबलाच्या अगदी उजव्या टोकाला जागा दिली, तिथं त्याचं कोपर कुणाला लागणार नाही. बसताना माणसाने दहा वेळा आभार मानले.

ही सगळ्यात शेवटी आली. मुद्दाम मागे राहिली होती, निळी रिबीन केसांना बांधून. बासष्टाव्या वर्षी! ताईने फेकलं, जरा उंचच गेलं. हिने टाच उचलून डाव्या हाताने झेललं, तेही वरच्या वर. सभागृहात शिट्ट्या. मी रडत होतो हे लपवायला यादीत डोकं घातलं, तेवढ्यात ही ओरडली, "अहो, झेला!"

झेललं. मग मान वर करून पाहिलं तर लिंबू माझ्या उजव्या हातात होतं.

यादी डाव्या हातात होती, हे खरं. पण यादी टाकून देता आली असती. हे मी कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नसावं. ओळख तपासणाऱ्या माणसाची अब्रू राहिली.

मग जेवलो. ही माझ्या डावीकडे बसली, म्हणजे मी हिच्या उजवीकडे. सूप प्यालो. एक थेंब सांडला नाही. माणसाला यापेक्षा काय हवं असतं!

 

मी पाहिलं. लिंबू तुम्ही उजव्या हाताने झेललंत. तुम्ही झोपला आहात म्हणून वही घेतली, रागावू नका. हे डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर रेघ सोडून वर चाललंय, गोड मानून घ्या. सराव वाढवते. पुढच्या वर्षी तुमच्याकडे परत फेकू. तोवर आत बसा.